पेल्यावरची चकती

रविवार, १५ सप्टेंबर. हल बंदरातून सुटलेली बोट

निघालो एकदाचे. बसमध्ये चव्वेचाळीस माणसं आहेत आणि सगळ्यांची अक्कल गोळा केली तरी एक चहाचा कप भरणार नाही. आमच्या बरोब्बर मागे पिकर्सगिल नवरा-बायको. आमचं कीथली गाव सोडून अजून गॅसच्या टाक्यासुद्धा मागे पडल्या नव्हत्या, तोच बाईंनी पेपरमिंटचा डबा काढून सबंध बसमध्ये फिरवला. डबा नाकारला की त्या 'पोट बरं नाही का?' म्हणून विचारतात. मी नाकारला. विल्फने दोन उचलल्या, एक माझ्या वाटची म्हणून.

विल्फ म्हणजे माझा नवरा. ही वही मी माझ्यापुरती लिहिते, तेव्हा त्याची ओळख लिहायचं कारण नाही, पण कधीकधी माझी मलाच करून द्यावी लागते. अडतीस वर्षं झाली. पाणीखात्यात जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढायचा. निवृत्त होऊन चौदा महिने झाले आणि चौदाही महिने तो घरभर माझ्या मागे मागे आहे. स्वयंपाकघरातले डबे त्याने उंचीप्रमाणे लावले. गेल्या महिन्यात बैठकीच्या खोलीतलं मोठं कपाट तळापर्यंत उपसून पुन्हा भरलं. तुला काय हवंय विचारलं तर म्हणतो, "तुला हवं ते." अडतीस वर्षांत या माणसाला स्वतःला काही हवं झालंय असं मी पाहिलेलं नाही. चहात साखर किती घ्यायची हेसुद्धा त्याने आमच्या आईच्या घरी माझ्या तोंडाकडे बघून ठरवलं होतं.

तर मी ठरवलं आहे. ही सहल झाली की मी स्कारबरोला मेव्हिसकडे जाणार, कायमची. मेव्हिस माझी धाकटी बहीण, एकटीच असते. समुद्राकडची खोली तिने माझ्यासाठी रिकामी केली, शिवणयंत्रसुद्धा बाहेर काढलं. तिचं पत्र ऑगस्टपासून मोठ्या कपाटात, नाताळच्या टेबलक्लॉथांखाली आहे. तिथे विल्फचा हात जन्मात जाणार नाही.

आता त्याला सांगायचं तेवढं राहिलंय. घरी जमत नाही. मी घसा खाकरला की तो गवत कापायला निघतो. पण सहलीच्या पत्रकात गुरुवारी संध्याकाळी जर्मनीतल्या कोलोनमध्ये साडेसहा ते नऊ 'मोकळा वेळ' दिला आहे. तेव्हा एखाद्या बऱ्याशा ठिकाणी बसून सांगून टाकेन. चारचौघांत विल्फ रडणार नाही. परदेशात तर नाहीच नाही.

मंगळवार, १७ सप्टेंबर. ऱ्हाईनकाठचं हॉटेल

आज नदीतून बोटीची सैर. किल्ला, द्राक्षमळा, किल्ला, द्राक्षमळा. पिकर्सगिलसाहेबांनी बोटीच्या कप्तानाला विचारलं, भरती किती वाजता येते. नदीला! कप्तान त्यांच्याकडे बघतच राहिला. मी जन्मभर वाचनालयात नोकरी केली, मूर्खांची मला सवय आहे, पण तिथल्यांना संध्याकाळी घरी पाठवता यायचं.

आमची गाइड लोरेन. तोंडाचा पट्टा सुरू झाला की डिझेल संपल्याशिवाय थांबत नाही. मी कालपासून कानात कापूस घालून बसते. फार सुखाचं आहे. विल्फ मात्र तिचा शब्द न् शब्द लहानशा वहीत टिपून घेतो. कुठल्या चर्चला किती पायऱ्या, कुठल्या राजाच्या किती बायका. परीक्षा असल्यासारखा.

रात्रीच्या जेवणाआधी बघते तर माझे बूट चकाचक पुसून दाराशी ठेवलेले. पुसायला काही सापडलं की या माणसाचं भागलं. मग खिडकीशी उभा राहून म्हणाला, "स्कारबरोला हिवाळ्यात वारा फार असतो, नाही गं?"

"असतो," मी म्हटलं.

"आणि मेव्हिसच्या त्या पुढच्या खोलीत ओल येते. भिंतीला हात लावला की कळतं."

"मग?"

"काही नाही. आठवलं आपलं."

कुठलं काय याला कुठे आठवेल, नेम नाही. बाहेर ऱ्हाईन दिसत होती आणि याला स्कारबरोची ओल!

बुधवार, १८ सप्टेंबर

पाऊस. टबात पडून तीन वाक्यं पाठ केली. एक: विल्फ, मला तुझ्याशी बोलायचंय. दोन: मी मेव्हिसकडे राहायला जातेय. तीन: यात तुझी काही चूक नाही. तिसरं खोटं आहे, पण माणसाने जाताना चांगलं बोलावं.

शुक्रवार, २० सप्टेंबर. सकाळी

काल लिहिण्याच्या अवस्थेत नव्हते. आजही नाही, पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

काल बस कोलोनला पोचेपर्यंत लोरेन तासभर बोलत होती. माझ्या कानात कापूस. विल्फ वर्गातल्या शहाण्या पोरासारखा दोनदा उठून तिच्यापर्यंत गेला, काहीतरी विचारून आला आणि वहीत लिहून घेतलं. बाकीची सगळी मेंढरं लोरेनच्या छत्रीमागे एका हॉटेलात गेली, कारण तिथे मासे आणि बटाट्याचे काप मिळतात म्हणे. मी विल्फला हाताला धरून दुसऱ्या गल्लीत ओढलं आणि एका जुन्या बिअरच्या दुकानात शिरले. लाकडी टेबलं, भरपूर गर्दी, कोणी इंग्रजी बोलत नाही. अगदी मनासारखं.

बसतो न बसतो तोच वेटर आला. निळा एप्रन, आणि चेहरा असा की आम्ही त्याच्या घरावर जप्ती आणली आहे. न विचारता त्याने दोन पेले आदळले आणि पेल्याखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एकेक रेघ मारली. पेला तरी कसला? एक कार्नेशनचं फूल उभं राहील एवढी फुलदाणी. आमच्याकडे एवढी बिअर सांडली तर कोणी फडकंसुद्धा आणत नाही.

माझा बेत सोपा होता. पेला संपवायचा, खाली ठेवायचा आणि बोलायचं. भरला पेला समोर ठेवून नवऱ्याला सोडून जातेय म्हणून सांगणं बरं दिसत नाही. शिवाय पुढ्यात आलेलं टाकायचं नाही अशी आम्हा बहिणींना शिस्त. मी पेला संपवला. विल्फने माझ्याही आधी संपवला होता.

"विल्फ, मला तुझ्याशी बोलाय..."

धाड! दोन नवे पेले. दोन रेघा.

"आम्ही मागवले नाहीत," मी म्हटलं. वेटर ऐकायला थांबलाच नाही.

"आणलेत तर घेऊ या," विल्फ म्हणाला. "बिचारा एवढ्या गर्दीतून आला."

हा असा. फेरीवाला दारात आला तर त्याच्या पायांना त्रास झाला म्हणून ब्रश विकत घेणारा. आमच्याकडे सतरा ब्रश आहेत.

दुसरा संपवला. तोंड उघडणार तोच तिसरा. मग जेवण आलं, काळं सॉसेज आणि सफरचंद घालून कुस्करलेले बटाटे. "अगं, हे तर आपलं ब्लॅक पुडिंग!" असं म्हणून विल्फ इतका खुलला की एवढा पैसा खर्च करून परदेशात येऊन त्याला कीथलीचंच गिळायचं होतं हे स्पष्ट झालं. आणि पीत होता! हा माणूस शनिवारी अर्धा पाइंट बिअर घेतो आणि फुटबॉलचे सगळे निकाल लागेपर्यंत पुरवतो. काल पेला टेबलाला लागला की गटागटा रिकामा.

"एवढी तहान लागलीय तुला?"

"हवा कोरडी आहे," तो म्हणाला. बाहेर धो धो पाऊस पडत होता.

शेजारच्या टेबलावर चार जर्मन म्हाताऱ्या गप्पा मारत होत्या. त्यांनी आपापल्या पेल्यांवर चकत्या झाकून ठेवल्या होत्या, जणू आत मुरांबा घातलाय. हे लोक नीटनेटके म्हणतात ते काही खोटं नाही. वेटर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. सगळा राग आमच्यावर.

पाचव्या पेल्याला मी वेगळी युक्ती केली. पहिलं वाक्य गाळलं आणि सरळ दुसऱ्याला हात घातला. "विल्फ, मी मेव्हिसक..."

विल्फने आपला भरलेला पेला उचलला, एका दमात रिकामा केला आणि खणकन ठेवला. वेटर भुतासारखा हजर.

"डँके!" विल्फ आभार मानत ओरडला. पुरातून बाहेर ओढलेला माणूस ओरडेल, तसा.

"तुला नको म्हणता येत नाही?"

"जर्मन येत नाही ना मला."

"मान हलवायला कुठलं जर्मन लागतं?"

"हलवली तर वाईट वाटेल त्याला."

त्या वेटरला! त्याच्या अंगावर इमारत कोसळली असती तरी त्याने आधी रेघ मारली असती.

आठवा पेला चालू असताना विल्फ आपण होऊन बोलायला लागला. त्याचा आठवा. मी पाचवरच होते आणि टेबल किंचित वर-खाली होत होतं.

"ब्रिडलिंग्टन आठवतं, एनिड?"

लग्नानंतर आम्ही तिथे गेलो होतो. घरमालकीण सकाळी दहाला पाहुण्यांना बाहेर काढायची आणि पाचपर्यंत दार उघडायची नाही. तीन दिवस सलग पाऊस. आम्ही बसथांब्याच्या छपराखाली पत्ते खेळत बसलो होतो. मधुचंद्र म्हणे.

"न आठवायला काय झालं. मला सर्दी झाली होती."

"हो. नाक लाल झालं होतं तुझं." तो पेल्यात बघत होता. "बस यायची आणि आपण चढायचो नाही. ड्रायव्हर शिव्या द्यायचा. मला वाटायचं, पाच वाजूच नयेत."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"विचारलं नाहीस."

मी काय बोलायला आले होते तेच क्षणभर विसरले. बिअर चढली होती, दुसरं काय. मग पुन्हा वाक्यं आठवेपर्यंत धाड, आणखी दोन.

नऊला दहा कमी असताना लोरेन आम्हाला शोधत येऊन दारातून छत्री हलवायला लागली. माझे सात, विल्फचे अकरा, आणि माझं पहिलं वाक्यसुद्धा पुरं झालं नव्हतं. विल्फ उठला. उठताना त्याने चकती उचलली, रिकाम्या पेल्यावर ठेवली आणि वरून तळहाताने दाबली. चाललोय निघून आणि झाकण कसलं घालतोय! वेटरने लांबूनच मान हलवली आणि पहिल्यांदाच जरा माणसासारखा हसला. पिढीजात नोकरासारखा माझी हँडबॅग छातीशी धरून विल्फ माझ्या मागे निघाला.

पुढचं लिहवत नाही. अर्ध्या तासाच्या वाटेत विल्फसाठी बस दोनदा थांबली. दुसऱ्यांदा तो झुडपामागून परत आला तेव्हा चव्वेचाळीस, नव्हे बेचाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. पिकर्सगिलबाईंनी त्याला पेपरमिंट दिली. मग तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला आणि हॉटेलापर्यंत घोरला. मी खिडकीबाहेर बघत होते. माझी अख्खी संध्याकाळ एका निळ्या एप्रनने आणि एका मेणाच्या माणसाने धुळीला मिळवली.

शुक्रवार, २० सप्टेंबर. संध्याकाळी

आता मात्र कमाल झाली.

विल्फ दिवसभर पोट धरून खोलीत. मी एकटीच चहाला खाली गेले, तर पिकर्सगिलबाई येऊन समोर बसल्या.

"अकरा, मिसेस थॅकरे? खरंच अकरा?"

"त्या वेटरला थांबायचं माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"अहो, ते तसेच आणत राहतात! चकती पेल्यावर ठेवली की थांबतात. लोरेनने बसमध्ये सांगितलं नव्हतं का? तुम्ही ऐकलं नाहीत?"

"माझं लक्ष नव्हतं."

"पण तुमच्या मिस्टरांनी ऐकलं की. ते तर दोनदा उठून गेले तिच्याकडे. चकती नाही ठेवली तर नक्की आणतातच ना, मधेच थांबत तर नाहीत ना, म्हणून विचारत होते. आमचे हे म्हणाले, थॅकरे आज कसून प्यायला निघालेत!" आणि बाई इतक्या हसल्या की कपातला चहा बशीत आला.

मी चहा तसाच टाकून वर आले. पुढ्यात आलेलं टाकलं, आयुष्यात पहिल्यांदा.

म्हणजे याला माहीत होतं. पहिल्या पेल्यापासून माहीत होतं. मी समोर बसून एकेक पेला घशाखाली ढकलतेय, वाक्यं गिळतेय, आणि हा नंदीबैल मूग गिळून बसला होता. फुकटचा मोकळा वेळ मिळाला, बायको शेजारी, तर यथेच्छ पिऊन घ्यावी एवढाच विचार! बावळट समजत होते, तर लबाड निघाला. पाणीखात्यात जन्म गेला आणि बिअरसाठी एवढा जीव! आता मला कसलाही संकोच उरलेला नाही. उद्या बोटीवर सांगणार. तिसरं वाक्य गाळणार.

तो पलंगावर पाठ करून पडलाय. मघाशी म्हणाला, "एनिड, उद्या बोटीवर वेटर येत नाहीत ना टेबलापाशी?"

"नाही. स्वतः जाऊन आणावी लागते."

"वाटलंच मला," म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

शनिवार, २१ सप्टेंबर. परतीची बोट

सहा वाजता बोट सुटली. मी बारमध्ये खिडकीपाशी जागा धरली. विल्फ रांगेत उभा राहून दोन अर्धे पाइंट घेऊन आला. रंग अजून हिरवट होता त्याचा. पेले ठेवले, बसला. मग त्याने चकती उचलली आणि आपल्या भरलेल्या पेल्यावर ठेवली. घोटही घेतला नव्हता.

"बोल आता," तो म्हणाला.

"काय बोल?"

"मेव्हिसचं."

बोटीचं इंजिन टेबलातून हाताला जाणवत होतं.

"पत्र वाचलंस तू?"

"कपाट लावलं तेव्हा. टेबलक्लॉथच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या, म्हणून बदलायला काढले. शिवणयंत्र हलवलंय म्हणजे तिने मनावर घेतलंय, असं वाटलं."

"मग महिनाभर बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तर तू सांगून टाकलं असतंस."

अडतीस वर्षांत त्याने पहिल्यांदाच मला तोंडावर उत्तर दिलं होतं, आणि तेही खरं.

"आणि त्या दिवशी?"

"पेला रिकामा झाल्याशिवाय तू महत्त्वाचं बोलत नाहीस, हे मला ठाऊक आहे. लोरेन म्हणाली, चकती ठेवली नाही तर ते आणतच राहतात. मला वाटलं, नऊपर्यंत निभेल."

"आणि नऊनंतर?"

"नंतर बस होती. बसमध्ये सगळे असतात."

"काल?"

"काल पोट बिघडलं होतं. ते काही ठरवून नव्हतं." त्याने चकतीवर बोट ठेवलं, उचललं. "बाराव्याला मी मेलो असतो, एनिड. आता माझ्याकडे काहीच उरलं नाही. म्हणून म्हणतो, बोल."

तो रडला नाही. माझा अंदाज तेवढा बरोबर निघाला. मी मात्र रडले, परदेशातसुद्धा नाही, दोन देशांच्या मधे, पिकर्सगिलबाईंच्या देखत. त्या डबा घेऊन उठल्याच होत्या, पण साहेबांनी त्यांना बाही धरून खाली बसवलं. त्या माणसाला अगदीच अक्कल नाही असं नाही.

मी तीन वाक्यं आठवून पाहिली. पहिलं त्यानेच बोलून टाकलं होतं. तिसरं मी कालच गाळलं होतं. दुसरं तेवढं होतं, छोटंसंच. पण सारखा डोळ्यांपुढे येत होता तो अकरा पेले रिचवणारा माणूस, ज्याला कधी काही हवं झालं नाही असं मी रविवारी या वहीत लिहून ठेवलंय. ते पान फाडणार नाही. माझं अक्षर आहे, राहू दे.

समोर त्याची चकती पेल्यावर तिरकी बसली होती, एका बाजूने फेस बाहेर येत होता. साधं झाकण सरळ ठेवता येत नाही या माणसाला. घरी गेल्यावर मेव्हिसला लिहायला हवं, शिवणयंत्र परत आत ठेव म्हणून.

"ब्रिडलिंग्टनचे पाच वाजायला वेळ आहे अजून," मी म्हटलं आणि चकती काढून घेतली.